भारताकडे एकही उपग्रह नव्हता, तेव्हा पिशारोटींनी आकाशातून नारळाचा रोग शोधला होता

गोष्ट १९७० ची. इस्रोची स्थापना होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. देशाचा पहिला उपग्रह ‘आर्यभट्ट’ अवकाशात जायला अजून पाच वर्षं बाकी होती. अशा वेळी दक्षिण केरळमधल्या नारळाच्या बागांवरून एक हेलिकॉप्टर फिरत होतं आणि त्यातून झाडांच्या शेंड्यांचे फोटो काढले जात होते.

फोटोसाठी वापरलेली फिल्म साधी नव्हती. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपणारी ती इन्फ्रारेड फिल्म होती. शोध घ्यायचा होता नारळाच्या एका रोगाचा.

या प्रयोगाचं नेतृत्व करणारे प्राध्यापक तेव्हा ६१ वर्षांचे होते. सरकारी नोकरीतून ते निवृत्त झाले होते आणि त्यांचं सगळं आयुष्य हवामानाच्या अभ्यासात गेलं होतं. त्यांचं नाव पिशारोथ रामा पिशारोटी. भारतातल्या रिमोट सेन्सिंगचे, म्हणजेच सुदूर संवेदनाचे जनक म्हणून त्यांना ओळखलं जातं.

आज पीक विमा असो, दुष्काळ जाहीर करायचा असो किंवा जंगल किती उरलं ते मोजायचं असो, उपग्रहाचे फोटो लागतातच. भारतात याची सुरुवात मात्र शेतकऱ्याच्या झाडापासून झाली होती.

नारळाला नेमकं काय झालं होतं?

केरळमधल्या या रोगाला इंग्रजीत ‘रूट विल्ट’ म्हणतात. १८८२ च्या महापुरानंतर कोट्टायमजवळच्या एराट्टुपेट्टा भागात तो पहिल्यांदा दिसला आणि नंतर दक्षिण केरळभर पसरत गेला.

या रोगाची खोड म्हणजे तो झाड मारत नाही. पानं ढिली पडतात, आतल्या बाजूला वळतात, पिवळी होतात. नारळ कमी लागतात, लहान लागतात. झाड मात्र वर्षानुवर्षं उभं राहतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे मेलेल्या झाडापेक्षाही अवघड, कारण मेलेलं झाड तोडता तरी येतं. कमी का होईना, नारळ देणाऱ्या झाडाला कुऱ्हाड लावायची कशी?

त्यात नारळ हे उंच झाड. रोगाची लक्षणं शेंड्याला दिसतात आणि बघणारा उभा असतो खाली. लाखो झाडांमधली नेमकी कुठली आजारी आहेत, रोग कुठल्या दिशेने सरकतोय, हे एकेका झाडाखाली जाऊन बघायचं तर किती माणसं आणि किती वर्षं लागतील?

म्हणूनच झाडाकडे वरून बघायचं ठरलं. पण हे काम हवामानाच्या माणसाकडे कसं आलं, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

भौतिकशास्त्राचा मास्तर ते हवामानाचा संशोधक

पिशारोटींचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ चा, केरळमधल्या कोल्लेंगोडचा. शिक्षण भौतिकशास्त्राचं. पुढे ते मद्रासच्या लोयोला कॉलेजात शिकवू लागले. कॉलेजला सुट्टी लागली की ते बंगळूर गाठायचे आणि सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन करायचे. रामन यांचं नोबेल ज्या विषयातलं, तो विषय होता प्रकाश. प्रकाश एखाद्या वस्तूवर पडला की त्याचं काय होतं, या प्रश्नाशी पिशारोटींची ओळख अशी तरुणपणीच झाली होती.

१९४२ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. गडगडाटी वादळं, पश्चिमेकडून येणारे हवामानाचे विक्षोभ, डोंगरांमुळे पडणारा पाऊस, मान्सूनमधले कमी दाबाचे पट्टे असे विषय त्यांनी हाताळले. मग ते अमेरिकेला गेले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेकब बर्कनेस यांच्याकडे त्यांनी संशोधन केलं आणि १९५४ मध्ये पीएचडी मिळवली. प्रशांत महासागरातल्या एल निनोचा वातावरणाशी काय संबंध आहे, ते पुढे उलगडून दाखवणारे बर्कनेस हेच.

परत आल्यावर त्यांच्याकडे कुलाबा आणि अलिबाग इथल्या वेधशाळांची जबाबदारी आली. या दोन वेधशाळांचं नातंही मजेशीर आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी कुलाब्याला घेतल्या जायच्या. पण मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर विजेमुळे नोंदी बिघडतील, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम अलिबागला हलवण्यात आलं.

पुण्यातली संस्था आणि पावसाच्या पाण्याचा वाद

पुणेकरांना शिवाजीनगरचं ‘सिमला ऑफिस’ माहीत असतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव पडलं. त्याच पुण्यात १७ नोव्हेंबर १९६२ ला उष्णकटिबंधीय हवामानाच्या संशोधनासाठी एक नवी संस्था सुरू झाली. आज पाषाणला असलेली ‘आयआयटीएम’ ती हीच. तिचे पहिले संचालक होते पिशारोटी.

त्या काळात हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम चालू होती. अनेक देशांची जहाजं आणि विमानं समुद्रावरच्या हवेच्या नोंदी घेत होती. त्या नोंदींवरून पिशारोटींनी एक साधा वाटणारा, पण मूलभूत प्रश्न विचारला. सह्याद्रीला येऊन धडकणाऱ्या मान्सूनच्या वाऱ्यांमधलं पाणी मुळात येतं कुठून?

विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या हवेत किती बाष्प आहे आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचणाऱ्या हवेत किती, याचा हिशोब त्यांनी १९६५ मध्ये मांडला. किनाऱ्यावरचं बाष्प बरंच जास्त भरलं. त्यामुळे पावसाचं बरंचसं पाणी अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून येतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

यावर वाद झाला. जास्त नोंदी हाती आल्यावर १९७३ मध्ये त्यांनीच उभ्या केलेल्या पुण्याच्या संस्थेतल्या संशोधकांनी पुन्हा मोजणी केली आणि दक्षिण गोलार्धातून येणाऱ्या बाष्पाचा वाटा मोठा असल्याचं दाखवलं. अरबी समुद्राचं महत्त्व संपलं नाही, पण हिशोब बदलला. आकडे चांगले मिळाले की निष्कर्ष तपासून घ्यायचे, मग ते संस्थापकाचे का असेनात, असं हे काम आहे.

५८ व्या वर्षी नवीन विषय

१९६७ मध्ये पिशारोटी सरकारी नोकरीतून बाहेर पडले आणि अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत प्राध्यापक झाले. तिथे विक्रम साराभाई होते.

अवकाश तंत्रज्ञान भारतातल्या सामान्य माणसाच्या उपयोगाला आलं पाहिजे, हा साराभाईंचा आग्रह सगळ्यांना माहीत आहे. त्यात हवामान होतं, दूरसंचार होता आणि तिसरी गोष्ट होती जमीन, पाणी, पिकं आणि जंगलं यांची वरून मोजदाद. हा तिसरा विषय जगासाठीही नवीन होता. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह सोडला गेला तो १९७२ मध्ये, म्हणजे केरळच्या प्रयोगानंतर. साराभाईंनी हा नवा विषय पिशारोटींकडे सोपवला.

प्रकाशाचा अभ्यास रामन यांच्याकडे झालेला होता आणि वातावरणाचा अनुभव २५ वर्षांचा होता. जमिनीवरून निघालेला प्रकाश वातावरण पार करून कॅमेऱ्यापर्यंत येतो, तेव्हा या दोन्ही गोष्टी कळाव्या लागतात. त्या अर्थाने हा विषय त्यांच्यासाठी वाटला तितका परका नव्हता.

नारळाच्या प्रयोगात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते. कायमकुलमला नारळावर संशोधन करणारं केंद्र आधीपासून होतं. अवकाशवाले आणि शेतीवाले एकत्र आल्याशिवाय हे काम होणारच नव्हतं.

आजारी पान कॅमेऱ्याला कसं कळतं?

पान हिरवं दिसतं कारण त्यातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं आणि हिरवा थोडा परत पाठवतं. इथपर्यंत शाळेत शिकवलेलं असतं.

पण सूर्यप्रकाशात आपल्याला न दिसणारा एक भाग असतो. लाल रंगाच्या पलीकडचा, जवळचा इन्फ्रारेड. पानाला याचा अन्न तयार करण्यासाठी उपयोग नसतो. निरोगी पानाच्या आत पेशी आणि हवेच्या पोकळ्यांची जी जाळीदार रचना असते, ती हा प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. म्हणजे आपल्या डोळ्यांना इन्फ्रारेड दिसलं असतं, तर नारळाची बाग झगमगताना दिसली असती.

पान आजारी पडलं, पाणी कमी पडलं, पेशी कोलमडल्या की ही झगमग मंदावते. कधीकधी हा बदल पान पिवळं पडण्याआधीच सुरू होतो.

इन्फ्रारेड रंगीत फिल्म हा फरक पकडते. तिच्यावर निरोगी झाडं लालभडक उमटतात आणि आजारी झाडं फिकी किंवा काळपट. ही फिल्म तयार झाली होती दुसऱ्या महायुद्धात. रणगाड्यांवर हिरवा रंग मारला किंवा तोडलेल्या फांद्या टाकल्या, तर साध्या फोटोत ते झाडीत मिसळून जातात. इन्फ्रारेडमध्ये खरी झाडी लाल दिसते आणि रंगवलेला रणगाडा वेगळा पडतो. शत्रूचे रणगाडे शोधणारी ही युक्ती केरळमध्ये रोगट नारळ शोधायला वापरली गेली.

आज उपग्रह हेच काम आकड्यांत करतात. त्या आकड्याला ‘एनडीव्हीआय’ म्हणतात. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा, पानाने लाल प्रकाश १० टक्के आणि इन्फ्रारेड ५० टक्के परत पाठवला, तर ४० भागिले ६०, म्हणजे साधारण ०.६७. पीक सुकलं आणि लाल २०, इन्फ्रारेड ३० झालं, तर १० भागिले ५०, म्हणजे ०.२. आकडा घसरला की समजायचं, खाली काहीतरी बिनसलंय.

प्रयोगातून काय मिळालं, काय नाही

केरळच्या फोटोंमध्ये रोगट झाडं आणि निरोगी झाडं वेगळी ओळखता आली. १९७१ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे झालेल्या रिमोट सेन्सिंगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या प्रयोगाचा निबंध मांडला गेला. भारतात हे तंत्र चालतं, शेतीसाठी चालतं, हे सिद्ध झालं.

पण नारळ बरा झाला का? नाही.

झाड आजारी आहे हे कॅमेऱ्याने सांगितलं, कशामुळे आहे ते सांगितलं नाही. ते त्याचं कामच नव्हतं. फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जिवामुळे हा रोग होतो, हे कळायला १९८० चं दशक उजाडलं. तेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, जमिनीवरच्या प्रयोगशाळेत. रोग कायमचा घालवणारं औषध आजही नाही. खूप आजारी झाडं काढणं, खत-पाण्याची काळजी घेणं, तग धरणाऱ्या जाती लावणं, हेच उपाय आहेत.

वरून दिसतं ‘कुठे’ आणि ‘किती’. ‘का’ याचं उत्तर मात्र खाली उतरूनच शोधावं लागतं. म्हणून या शास्त्रात फोटो काढून झाल्यावर प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करतात. तिला ‘ग्राउंड ट्रुथ’ म्हणतात. मराठी सरकारी भाषेत त्याला ‘सत्यमापन’ असा शब्द आहे. ते केलं नाही, तर फोटो कितीही सुंदर असला तरी तो फक्त अंदाज असतो.

हेलिकॉप्टरकडून उपग्रहाकडे

१९७० मध्येच पिशारोटींना पद्मश्री मिळाली. १९७१ च्या अखेरीला साराभाई गेले, पण काम थांबलं नाही. १९७२ ते १९७५ या काळात पिशारोटींनी अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये रिमोट सेन्सिंग आणि उपग्रह हवामानशास्त्राचा विभाग सांभाळला. १९७४-७५ मध्ये आंध्रातल्या अनंतपूर आणि पंजाबातल्या पतियाळा जिल्ह्यांत विमानातून पिकांची पाहणी झाली. एक कोरडवाहू जिल्हा, एक बागायती.

मग उपग्रह आले. ७ जून १९७९ ला ‘भास्कर-१’ गेला. त्याच्या कॅमेऱ्याला साधारण एक किलोमीटरपेक्षा लहान गोष्ट दिसत नव्हती. १७ मार्च १९८८ ला ‘आयआरएस-१ए’ गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या फोटोतला एक ठिपका ७२.५ मीटरचा होता, दुसऱ्याचा ३६.२५ मीटरचा. पुढे रिसोर्ससॅट मालिकेतल्या एका कॅमेऱ्याने ५.८ मीटरपर्यंत मजल मारली. म्हणजे शिवारापासून सुरू झालेली नजर बांधापर्यंत आली.

आज कोकणातल्या मच्छीमारांना मासे कुठे मिळतील याचा सल्ला मिळतो, तो समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहातून मोजून. नागपूरला राज्याचं स्वतःचं रिमोट सेन्सिंग केंद्र आहे.

महाराष्ट्राच्या दुष्काळाशी याचा संबंध काय?

पूर्वी दुष्काळ ठरायचा तो पैसेवारीवरून. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पद्धत बदलली. आधी पाऊस किती कमी पडला, खंड किती दिवसांचा, ते बघतात. त्याला पहिली कळ म्हणतात. ती लागू झाली की दुसरी कळ. त्यात पेरणी, जमिनीतला ओलावा, धरणं आणि भूजलाची स्थिती यांच्यासोबत उपग्रहातून मिळालेला वनस्पतींचा निर्देशांक असतो. यंदाचा एनडीव्हीआय मागच्या अनेक वर्षांतल्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट आकड्यांच्या मध्ये कुठे बसतो, ते त्यात पाहतात.

याच पद्धतीने ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीला महाराष्ट्रातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. यादीत आलेल्या तालुक्याला सवलती मिळतात, बाहेर राहिलेल्याला त्यासाठी झगडावं लागतं. म्हणजे आकाशातून मोजलेल्या त्या आकड्यावर गावाचं वर्ष अवलंबून असतं.

आणि इथेच नारळाच्या प्रयोगाचा धडा कामाला येतो. उपग्रहाला हिरवं दिसतं. ते हिरवं ज्वारीचं आहे, ऊसाचं आहे की बांधावरच्या बाभळीचं, हे वेगळं करायला जास्त मेहनत लागते. तालुक्याच्या एका कोपऱ्यात कालव्याचा ऊस आणि दुसऱ्या कोपऱ्यात करपलेली ज्वारी असेल, तर सरासरी आकडा दोघांबद्दलही खोटं बोलतो. त्यात खरिपात ढग असतात आणि साध्या कॅमेऱ्याला ढगांच्या आरपार दिसत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह लागतात. ३० जुलै २०२५ ला सोडलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ हा त्याच जातीचा आहे.

म्हणूनच संहितेत नुसत्या उपग्रहावर काम भागवलेलं नाही. तालुक्यातली १० टक्के गावं निवडून प्रत्यक्ष शेतात सत्यमापन करायचं, असं त्यात सांगितलेलं आहे. आपल्या तालुक्याचा दुष्काळ कागदावर आला नाही असं वाटलं, तर विचारण्याचा पहिला प्रश्न हाच. सत्यमापनाला कुठली गावं निवडली होती आणि तिथे काय नोंदलं गेलं?

शंभर तासांचा पाऊस

पिशारोटींचा अजून एक हिशोब आहे. ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेचे संस्थापक अनिल अग्रवाल तो आवर्जून मांडायचे. वर्षात तास असतात ८,७६०. भारताच्या बहुतेक भागांत वर्षभराचा पाऊस पडतो तो यातल्या साधारण १०० तासांत.

मान्सून चार महिन्यांचा असला तरी प्रत्यक्ष पडणारा पाऊस मोजक्या तासांचा असतो. ते पाणी त्या तासांत अडवलं, मुरवलं, तळ्यात साठवलं तर उरलेल्या ८,६६० तासांना पुरतं. नाहीतर वाहून जातं. जलसंधारणाच्या भाषणांमध्ये ऐकू येणाऱ्या कितीतरी गोष्टी या एका आकड्यात आहेत.

१९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेने पिशारोटींना आपला मानाचा आयएमओ पुरस्कार दिला. २४ सप्टेंबर २००२ ला वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

भारतातल्या अवकाश कार्यक्रमाची आठवण निघाली की रॉकेटवाल्यांची नावं पटकन आठवतात. रॉकेट उडताना दिसतं, आवाज होतो, टाळ्या वाजतात. पण वर गेलेल्या उपग्रहाने खाली काय बघायचं आणि ते बघून कुणाचं भलं करायचं, हेही कुणीतरी ठरवावं लागतं. पिशारोटींनी ते वयाच्या साठीनंतर केलं, तेही हेलिकॉप्टरमधून, नारळाच्या शेंड्यांकडे बघून.